पात्याला पाणी पाजताना

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या बाजारांत कोयत्याला गिऱ्हाईक लागतं. मुकादमाची उचल घेऊन झालेली असते, ट्रॅक्टर कधी येणार ते कळलेलं असतं. कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला निघायच्या आधी भांडीकुंडी, शिधा, ताडपत्री यांच्या जोडीला कोयते बांधले जातात. टोळीतली माणसंसुद्धा कोयत्यावर मोजतात: नवराबायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. या अंकासाठी संपादकांनी ‘हाताचं काम’ हा विषय दिला, तेव्हा मला आधी हाच कोयता आठवला. काचेच्या कपाटात ठेवलेल्या तलवारींवर आपल्याकडं पुष्कळ लिहिलं जातं. दिवसभर उसाच्या बुडख्यावर आपटूनही ज्याची धार टिकायला हवी, ते पातं कोण घडवतं, कसं घडवतं, हे बघायला मी आष्टी-पाटोदा पट्ट्यातल्या एका आठवडी बाजाराला गेले.

बाजाराच्या कडेला, कडुलिंबाखाली घिसाड्यांची, म्हणजे भटक्या लोहारांची, दोन पालं होती. जमिनीत वीतभर खोल खड्डा करून त्यात कोळसा पेटवलेला. बाजूला लाकडाच्या ओंडक्यात ठोकलेली ऐरण. पूर्वी चामड्याचा भाता असायचा. आता हातानं फिरवायचा लोखंडी पंखा आहे आणि तो फिरवायला दहा-अकरा वर्षांची नात बसली होती. आजोबांनी मला पालाच्या कडेला पोतं टाकून दिलं. “बसा ताई. पण हिकडून, सावलीकडून. उन्हाकडं तोंड करून बसलात तर काय दिसायचं नाही तुम्हास्नी.” काय दिसायचं नाही, ते मला पुढं दुपारभर बघायला मिळालं.

भंगारातलं पोलाद

कोयता कशाचा करायचा, हा पहिला प्रश्न. बाजारात मिळणारी साधी लोखंडी पट्टी स्वस्त असते, ठोकायला मऊ असते आणि पात्याच्या कामाला निरुपयोगी असते. तिच्यात कार्बन जेमतेम शेकडा 0.2 असतो. इतक्या कमी कार्बनचं लोखंड कितीही तापवून पाण्यात बुडवलं तरी पुरेसं कडक होत नाही. म्हणून घिसाड्याची नजर ट्रकच्या पाट्यांवर असते. ट्रकच्या चाकावर एकावर एक रचलेल्या कमानीच्या पट्ट्या असतात, त्यातली एखादी तुटली की ती भंगारात येते. त्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर असतो, जोडीला मँगनीज, कधी सिलिकॉन. खड्ड्यांतून वर्षानुवर्षं वाकायचं आणि परत सरळ व्हायचं, यासाठीच ते बनवलेलं असतं.

भंगारातल्या लोखंडावर त्याची जात लिहिलेली नसते. आजोबा ती दोन तऱ्हांनी ओळखतात. एक, पट्टीच्या कोपऱ्याला छिन्नीनं खाच पाडायची आणि घणाचा एक ठोका द्यायचा. वाकली तर मऊ, काडकन तुटली तर पोलाद. तुटलेल्या जागी दाणा जितका बारीक तितका माल चांगला. दुसरी तऱ्हा नव्या जमान्यातली. शेजारच्या वेल्डिंगवाल्याच्या ग्राइंडरला तुकडा लावायचा आणि ठिणग्या बघायच्या. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघेसारख्या जातात. कार्बन असेल तर ठिणगी टोकाला फुटते आणि तिची फुलं होतात. धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेतही ठिणग्यांवरून पोलाद ओळखायची हीच पद्धत शिकवतात.

कुऱ्हाडीसाठी जुने लोहार आणखी एक कसब वापरत. अख्खी कुऱ्हाड पोलादाची करायची तर माल महाग, आणि नेढ्याजवळ ती तडकण्याची भीती. म्हणून अंग मऊ लोखंडाचं ठेवून तोंडाशी पोलादाची पट्टी बसवायची. दोन्ही पांढरीफटक होईपर्यंत तापवायची, सांध्यावर टाकणखार टाकायचा आणि पटापट ठोकून एकजीव करायची. टाकणखारानं तापलेल्या लोखंडावरची पापडी वितळून बाहेर पडते; ती आत राहिली तर सांधा उकलतो. आजोबांनी वडिलांच्या हाताखाली अशा कुऱ्हाडी केल्या आहेत. आता कोणी मागत नाही, म्हणाले.

पोलादाची जाण या भूमीला नवी नाही. आजच्या तेलंगणात, निजामाबादकडच्या कोनासमुद्रम गावात मुशींमध्ये पोलाद वितळवत, आणि ते न्यायला इराणचे व्यापारी येत. मराठ्यांच्या फिरंग तलवारींची पाती बरेचदा युरोपातून आलेली असत आणि मुठी इथं चढवल्या जात. या इतिहासाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. त्याच विद्येचा उरलेला धागा ज्यांच्या हातात आहे, ती माणसं मात्र आज बाजाराच्या कडेला, गटारीशेजारी पाल टाकून बसतात.

घण कुणाच्या हाती

पाटा लाल झाला की आजोबा सांडशीनं तो ऐरणीवर ठेवतात आणि घण उचलतात त्या त्यांच्या सूनबाई. मुलगा दुसऱ्या गावच्या बाजारात बसलेला. घिसाड्यांत घण मारायचं काम मुख्यतः बायकांचं. रस्त्यानं जाताना आपण सगळ्यांनी ते पाहिलेलं असतं, पण थांबून पाहिलेलं नसतं. मी थांबले तेव्हा लक्षात आलं, की त्या पात्याकडंसुद्धा बघत नाहीत. त्या बघतात सासऱ्याच्या हातोडीकडं. आजोबांच्या डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात छोटी हातोडी. हातोडी जिथं टेकते तिथं पुढचा घण पडतो. हातोडी हलकी टेकली तर घण हलका, जोरात पडली तर जोरात. हातोडी पात्यावरून सरकून ऐरणीवर वाजली, की थांबायचं. तोंडानं एक शब्द बोलावा लागत नाही.

“वझं उचलायचं न्हाई,” त्या मला नंतर सांगत होत्या, “वर गेला की त्याला सोडून द्यायचा. खाली तो आपल्या वजनानं येतो. आपण नुसता रस्ता दाखवायचा.” नवीन मुलगी आली की आधी थंड लोखंडावर, मग जाड कामावर, आणि शेवटी पातळ धारेवर मारायला शिकते. धारेवरचा घण तिरका पडला तर पात्याला सुरकुती पडते, आणि सुरकुती पुढं चीर होते. म्हणजे पात्याचा आकार ठरवतो तो हातोडीवाला आणि पातं शाबूत राहतं ते घणवालीमुळं. तरीही गिऱ्हाईक भाव करतं ते पुरुषाशी, आणि ‘कारागीर कोण’ म्हणून विचारलं तर सगळी बोटं त्याच्याकडं जातात. मी आजोबांना हे बोलून दाखवलं. त्यांनी मान हलवली. “हिच्याबिगर मी एक खुरपं करू शकत न्हाई,” म्हणाले.

राज्याच्या यादीत घिसाडी भटक्या जमाती ‘ब’ प्रवर्गात येतात. गाडी लोहार, चितोडी लोहार ही त्याच यादीतली भावकी. आमचे पूर्वज फौजांबरोबर हत्यारं करत फिरायचे, असं ही माणसं सांगतात. राजस्थानातल्या गाडिया लोहारांच्या परंपरेनुसार चितोड पडल्यावर त्यांनी घरात न राहण्याची शपथ घेतली होती, आणि 1955 मध्ये पंडित नेहरू त्यांना समारंभानं पुन्हा चितोडगडावर घेऊन गेले. शपथ सुटली, पण पाल काही सुटलं नाही. गावात घर असलेली, मुलांना शाळेत घातलेली कुटुंबं आता वाढली आहेत. बाजारांचा फेरा मात्र धंद्यासाठी करावाच लागतो.

रंग ओळखणारे डोळे

आता त्या सावलीच्या गोष्टीकडं येते. लोखंड किती तापलं हे घिसाडी रंगावरून ओळखतो, आणि उन्हात रंग दिसत नाही. भर उन्हात जे पातं काळसर वाटतं, तेच सावलीत लालभडक असतं. म्हणून पालाचं तोंड, झाडाची सावली, भट्टीची जागा हे सगळं आधी बघून मग सामान उतरवतात. ठोकायचं काम चालतं ते नारिंगी रंगावर. रंग उतरून गडद लाल झाला की हातोडी थांबते, कारण त्यापुढं ठोकलं तर पोलाद आतून फाटतं. उलट पांढरं होऊन ठिणग्या उडायला लागल्या तर पोलाद जळालं, ते फेकायचं.

पातं घडून झालं की खरी परीक्षा येते. घिसाडी म्हणतात, पाणी पाजायचं. पातं पुन्हा भट्टीत जातं, या वेळी हळूहळू, सगळीकडं सारखं. साधारण 770 अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याच्या थोडं वर गेलं की पोलादातला कार्बन लोखंडात पूर्ण मिसळून जातो. अशा वेळी ते एकदम गार केलं, तर कार्बनला बाहेर पडायला अवधी मिळत नाही. तो आत अडकतो, आणि त्या ताणानं पोलाद कडक होतं. आजोबांना चुंबक लागत नाही. ते पिकल्या जांभळाच्या आणि पिकल्या बोराच्या मधला लाल शोधतात.

तो दिसताच त्यांनी सांडशी उचलली आणि फक्त धारेकडची बाजू, बोट-दीड बोट, पाण्यात घातली. पाणी थंडगार नव्हतं. गार पाण्यात पाट्याचं पोलाद चिरतं, म्हणून ते आधीच एखादं तापलेलं लोखंड बुडवून कोमट करून घेतात. पातं पाण्यात स्थिर धरायचं नाही, वरखाली हलवत राहायचं. नाहीतर पाण्याच्या रेषेवर नेमकी चीर जाते. पाठीची बाजू बाहेर, अजून लाल.

एवढ्यावर काम संपत नाही. आता धार काचेसारखी कडक झालेली असते आणि काचेसारखीच ठिसूळ. असा कोयता उसात दगडावर आपटला तर धारेचा तुकडा उडेल. म्हणून आजोबांनी पातं बाहेर काढलं, विटेच्या तुकड्यानं धारेजवळचा काळा थर खसखसून घासला, आणि चकचकीत झालेल्या पट्टीकडं बघत बसले. पाठीत अजून उष्णता होती. ती हळूहळू धारेकडं उतरायला लागली, तसा त्या पट्टीवर रंग चढायला लागला. आधी फिकट गवती, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. गवती रंग सव्वादोनशे अंशांच्या आसपासचा, निळा तीनशेच्या जवळचा. मधले रंग काही क्षण टिकतात. तांबडा सरून जांभळा धारेला टेकला आणि पातं अख्खं पाण्यात गेलं.

“वस्तऱ्याला पिवळ्यावरच थांबायचं,” आजोबांनी सांगितलं. “कोयत्याला जांभळा. कुऱ्हाडीला निळ्याच्या जवळ. ती लई मार खाती.”

या दोन-तीन वाक्यांत सगळी विद्या आली. जितकं जास्त कडक तितकी धार तीक्ष्ण, पण तितकं पातं तुटायची भीती जास्त. कोणत्या कामाला किती कडकपणा सोडून द्यायचा, हा निर्णय घिसाडी रंगावर घेतो, आणि तो घ्यायला त्याला फार थोडा वेळ मिळतो. नेपाळात खुकुरी करणारे कारागीर पातं पाण्यात बुडवत नाहीत. किटलीच्या चोचीतून धारेपुरतंच पाणी ओततात. तऱ्हा वेगळी, हेतू तोच: धार कडक, पाठ चिवट. कारखान्यातून ठशावर कापून आलेल्या स्वस्त कोयत्यात ही दोन अंगं वेगळी नसतात. अख्खं पातं एकसारखं असतं. नवं असताना ते छान कापतं. महिनाभरानं कामगार ते कानशीवर घासत बसतो, आणि मजुरी टनावर असल्यामुळं घासण्यात गेलेल्या वेळाचे पैसे त्याला कोणी देत नाही.

कानस, कुरुंद, मूठ

पाणी पाजल्यावर पातं घासणं हे शांतपणे करायचं काम आहे. घडवतानाच धार हातोडीनं जवळपास पातळ केलेली असते, त्यामुळं घासून काढायचं थोडंच उरतं. आधी ग्राइंडर किंवा कुरुंदाचं चाक, पण पाणी शिंपडत. धार तापून निळी पडली तर मघाचं पाणी गेलं, पुन्हा पहिल्यापासून. मग कानस, मग दगड. शेवटी धारेच्या कडेला एक बारीक किनार उलटते, बोटाला खरखरते. ती दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं दगडावर फिरवून काढली नाही तर धार पहिल्याच दिवशी मोडते.

विळ्याचं वेगळं. गवत आणि भात कापायच्या विळ्याला दाते लागतात, आणि ते पाणी पाजण्याआधी, पोलाद मऊ असतानाच छिन्नीनं एकेक पाडायचे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी ‘वैभव’ विळा याच कारणानं गाजला: दाते असले की पीक ओढून तोडावं लागत नाही, मनगटाचा झटका वाचतो. मूठ बाभळीची. पात्याची शेपटी लाल करून लाकडात जाळत बसवायची म्हणजे ती आपली जागा आपण करते, आणि वर लोखंडी शेंबी चढवायची म्हणजे लाकूड फाटत नाही. कोकणात कंबरेच्या आकडीत अडकवायच्या कोयत्याची मूठ वेगळी, घाटावरच्या उसाच्या कोयत्याची वेगळी. घिसाडी गिऱ्हाइकाचा हात बघून मूठ निवडतो. सूनबाईंनी एका तरुण मुलीला दोन मुठी हातात धरायला लावल्या आणि पहिली परत घेतली. “ही तुझ्या नवऱ्याची. तुला ही घे, न्हाईतर पौषापर्यंत मनगट सुजल.”

बोटभर विळी

याच विद्येचं दुसरं टोक मला पिंपरी-चिंचवडमध्ये भेटलं. एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले एक गृहस्थ घराच्या बाल्कनीत छोटी पाती करतात. विळी दीड इंचाची, खवणीसकट. अडकित्ता करंगळीच्या दोन पेरांएवढा. कोयता, खुरपं, कुऱ्हाड, सगळं एका काड्यापेटीत मावेल असं. भातुकलीत लहानपणी बहिणीची विळी बोथट होती, ती खंत त्यांच्या मनात राहिली. तुळशीबागेत मिळणाऱ्या भातुकलीतली विळी पत्र्याची, बिनधारेची असते आणि लहान मुलांच्या हातात ती तशीच असायला हवी. या काकांच्या विळ्या मोठ्यांसाठी आहेत. त्यांनी माझ्यासमोर त्या विळीवर बडीशेपेचा एक दाणा उभा चिरला. “कापत नसेल तर ती विळी नाही. नुसता बिल्ला.”

मला वाटलं होतं, लहान पातं म्हणजे मोठ्याच कामाची छोटी आवृत्ती. तसं नाही. वस्तू दहापट लहान केली की तिचा पृष्ठभाग शंभरपट कमी होतो, पण तिच्यातला माल हजारपट कमी होतो. म्हणजे उष्णता धरून ठेवायला माल उरत नाही आणि ती बाहेर टाकायला पृष्ठभाग मात्र त्या मानानं भरपूर. लाल झालेलं दीड इंची पातं चिमट्यानं उचलून ऐरणीपर्यंत नेईतो काळं पडतं. त्यावर घण तर सोडाच, हातोडीचा दुसरा ठोकाही बसत नाही. त्यामुळं काका पातं ठोकून घडवत नाहीत. जुनं हॅकसॉ ब्लेड किंवा मोडक्या घड्याळाची कमान तापवून राखेत पुरून ठेवतात. सावकाश गार झालं की ते मऊ होतं. मग करवतीनं कापायचं आणि सुईसारख्या बारीक कानशींनी भिंगाखाली घासून आकार काढायचा.

पाणी पाजताना आणखी एक अडचण. तापलेल्या पोलादाच्या वरच्या थरातला कार्बन हवेत जळून जातो. कोयत्याचा तेवढा थर घासून टाकला तरी खाली पुष्कळ पोलाद असतं. इथं धारच त्या थराएवढी असते; ती जळाली की काही उरत नाही. म्हणून काका पातं एका छोट्या नळीत कोळशाच्या पुडीत दाबून बंद करतात आणि नळीच तापवतात. लाल झाली की पातं तेलात पाडायचं, पाण्यात नाही, कारण इतकं पातळ पोलाद पाण्यात पिळवटतं. मग पितळेचा कीस तव्यावर पसरून त्यावर पातं ठेवायचं आणि खालून मंद आच द्यायची. घड्याळजी आपले स्क्रू निळे करायला हीच युक्ती वापरत आले आहेत. कीस उष्णता सारखी पसरवतो, रंग सावकाश चढतो. गवती, तांबूस. “झालं,” म्हणत काकांनी पातं उचललं.

आष्टीकडच्या आजोबांची आणि चिंचवडच्या काकांची ओळख नाही. एकाची शाळा पालावरची, दुसऱ्याची आयटीआयची. पण निर्णयाच्या क्षणी दोघंही एकच गोष्ट करतात: श्वास धरून रंगाकडं बघतात. अडकित्त्याच्या दोन पात्यांमधली खीळ बसवायला काकांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. सैल झाली तर पाती एकमेकांना चाटत नाहीत, घट्ट झाली तर उघडत नाहीत. सुपारीचा तुकडा नाही, पण लवंगेची काडी तो अडकित्ता तोडतो. विकत मात्र ते देत नाहीत, ओळखीच्यांना देतात. एवढ्या तासांचा मोबदला मागायचा तर कोण देणार, हा त्यांचा सवाल रास्त आहे.

नऊ इंचांची रेघ

घिसाड्यांची आजची काळजी वेगळी. शस्त्र कायद्याखालच्या 2016 च्या नियमांत, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांना परवाना लागतो, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. कोयता शेतीचं अवजार, म्हणून कायद्याची त्याला हरकत नाही. पण पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवण्याचे प्रकार वाढले आणि 2023 च्या सुरुवातीला कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघून नोंद ठेवायला पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं. गुन्हा रोखायचा तर काहीतरी करावं लागणार, हे खरं. पण पाल टाकून बसलेल्या माणसाकडं वही नाही आणि दुकानही नाही. बाजारात खाकी दिसली की आजोबा कोयते पोत्याखाली सरकवतात आणि खुरपी पुढं मांडतात. कायदा ज्याला अवजार म्हणतो ते करणाऱ्याला असं लपवावं लागावं, हे चूक आहे. ग्रामपंचायतीनं बाजाराची जागा नेमून देऊन घिसाड्यांची साधी नोंद ठेवली, तरी यातलं बरंच सुटेल.

बाकीचं आपल्या हातात आहे. घरातली विळी बोथट झाली, खुरपं झिजलं, कुऱ्हाडीचं तोंड फुटलं, तर ते भंगारात घालू नका. गावाकडं जाताना बरोबर न्या आणि लोहाराकडून, घिसाड्याकडून शेवटून आणा. तापवून, धार पुन्हा ठोकून, पुन्हा पाणी पाजून देतात. तेच पातं पुढं कित्येक वर्षं चालतं. नवं घेणार असाल तर पाटा कुठला, पाणी कुठल्या रंगावर पाजलं, हे विचारा. उत्तर देणारा कारागीर भेटला की त्यानं सांगितलेले पैसे द्या, घासाघीस करू नका. आणि घण मारणाऱ्या बाईंनाही विचारा. अर्धं उत्तर त्यांच्याकडं असतं.